सापडले आणि दाखवले



'युरेका' हा शब्द मराठीत पाहुणा राहिलेला नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर तो असतो, घरातले पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या कंपनीच्या नावात असतो. मूळ ग्रीक शब्द 'ह्यूरेका' असा आहे आणि त्याचा अर्थ 'मला सापडले आहे'. त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सिराक्यूजचा राजा हिएरॉन याने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट घडवून घेतला. सोनाराने सोने काढून तेवढ्याच वजनाची चांदी मिसळली असा संशय आला आणि मुकुट न मोडता छडा लावण्याचे काम आर्किमिडीजवर आले. तो स्नानाच्या टाकीत उतरला, पाणी बाहेर सांडले, त्याला उत्तर सुचले आणि तो तसाच उघडा 'सापडले, सापडले' म्हणत घराकडे धावला. आज मी या गोष्टीची चिकित्सा करणार आहे, पण ती खोटी ठरवणे एवढाच माझा हेतू नाही. माझे म्हणणे असे की, शोध लागल्याचा उद्गार बहुधा शोधकाच्या तोंडी नंतरचे लोक घालतात, आणि तो घालताना शोधाचा सर्वांत मोलाचा भाग पुसून टाकतात. तो भाग म्हणजे सापडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवून देण्याची खटपट.

आधी पुरावा पाहू. इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने सिराक्यूज घेतले तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. मुकुटाची ही गोष्ट सविस्तर सांगणारा सर्वांत जुना उपलब्ध लेखक म्हणजे व्हिट्रुव्हियस हा रोमन स्थापत्यकार. त्याच्या वास्तुविद्येवरील ग्रंथाच्या नवव्या खंडाच्या प्रस्तावनेत ती येते. हा ग्रंथ इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे घटना आणि लेखन यांत जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर. पुढे प्लूटार्कही स्नानाचा आणि आरोळीचा उल्लेख करतो, पण तो आणखी शंभरेक वर्षांनी. खुद्द आर्किमिडीजचा 'तरंगणाऱ्या वस्तूंविषयी' हा ग्रंथ आपल्याकडे आहे. त्याची ग्रीक संहिता कित्येक शतके नाहीशी झाली होती. तेराव्या शतकात कुणी तरी जुन्या चर्मपत्रांवरची अक्षरे खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या होत्या. १९०६ साली हायबर्ग या डॅनिश पंडिताने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांच्या ओळींखालून आर्किमिडीजची ओळ वाचली.   त्या ग्रंथात मुकुट नाही, सोनार नाही, राजा नाही, टाकी नाही. आहेत ती एकामागून एक सिद्ध केलेली विधाने. पहिल्या भागातले सातवे विधान सांगते की, द्रवापेक्षा जड वस्तू द्रवात बुडवली तर तिचे वजन, तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके, कमी भरते. आपण ज्याला आर्किमिडीजचे तत्त्व म्हणतो ते हेच. आणि व्हिट्रुव्हियसच्या गोष्टीत नेमके तेच नाही. तिथे पाण्यात वजन घटल्याचा शब्दही नाही; काठोकाठ भरलेल्या भांड्यातून किती पाणी सांडले एवढेच मोजले आहे.

ते मोजणे कितपत शक्य होते, याचा हिशेब आपण इथेच करू. समजा मुकुट एक किलो वजनाचा आहे. एक घनसेंटिमीटर सोने १९.३ ग्रॅम भरते, चांदी १०.५ ग्रॅम. शुद्ध सोन्याच्या मुकुटाचे आकारमान ५१.८ घनसेंटिमीटर होईल. सोनाराने चांगलाच हात मारला आणि तीस टक्के चांदी मिसळली असे धरले, तर ते ६४.८ होईल. फरक तेरा घनसेंटिमीटरांचा. मुकुट मावेल असे भांडे घ्यायचे तर त्याचे तोंड निदान वीस सेंटिमीटर रुंद हवे. त्या भांड्यात तेरा घनसेंटिमीटरांनी पाण्याची पातळी बदलते साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. काठोकाठ भरलेल्या पाण्याला काठावर फुगवटा येतो तोच याहून मोठा. शिवाय मुकुट बाहेर काढताना त्याच्या पानाफुलांना पाण्याचे थेंब चिकटून येणार ते वेगळेच. चोरी पकडायची ती अशा मापाने पकडता येणार नाही, आणि सोनाराचा जीव तर त्या मापावर टांगलेला. आता दुसरी रीत पाहा. तराजूच्या एका पारड्याखाली मुकुट टांगा, दुसऱ्याखाली तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने. हवेत काटा मध्यावर राहील. मग दोन्ही पाण्यात सोडा. मुकुटाचे वजन सोन्याहून तेरा ग्रॅमने जास्त घटेल आणि सोन्याचे पारडे खाली जाईल. तेरा ग्रॅम म्हणजे एका तोळ्याहून अधिक. सराफाच्या काट्यावर हा फरक लपूच शकत नाही. १५८६ साली बावीस वर्षांच्या गॅलिलिओने एक छोटा निबंध लिहून नेमके हेच सांगितले: सांडलेल्या पाण्याची गोष्ट आर्किमिडीजच्या बुद्धीला शोभत नाही, त्याने तराजूच वापरला असणार. वजनमापांवरच्या एका उत्तरकालीन लॅटिन पद्यातही मुकुटासाठी अशाच पाण्यातल्या तराजूचे वर्णन आहे. म्हणजे प्राचीन काळीही जाणत्यांना ही रीत माहीत होती. पण लोकांच्या ध्यानात तराजू राहिला नाही, उघड्याने धावणारा माणूस राहिला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गोष्ट उशिरा लिहिली गेली म्हणून ती खोटी कशावरून? दोनशे वर्षे ती तोंडी चालत आली असेल. आर्किमिडीज खरेच टाकीत बसला असेल आणि खरेच ओरडला असेल. हे मला मान्य आहे. तो ओरडला नाही असे सिद्ध करण्याचे साधन कुणाकडेच नाही, आणि तसा दावा करणारा माणूस दंतकथा सांगणाऱ्याइतकाच अघळपघळ बोलतो. पण प्रश्न तो ओरडला की नाही हा नाहीच. प्रश्न असा की, त्याच्या नावावर जे तत्त्व आहे ते त्या आरोळीतून आपल्याला मिळाले का? नाही. ते सातव्या विधानातून मिळाले, आणि ते विधान आधीच्या विधानांवर उभे आहे. आरोळीच्या गोष्टीत सिद्धतेला जागा नाही, म्हणून सांगणाऱ्याने पद्धतही चुकीची सांगितली आणि दीड हजार वर्षांहून अधिक काळ ती कुणाला फारशी खटकली नाही. दंतकथेची नोंद तपासायची तर ती इथे तपासावी.

अशी गोष्ट फक्त ग्रीकांच्या वाट्याला आली असे नाही. आपल्या भास्कराचार्यांच्या वाट्याला दोन आल्या आहेत, आणि योगायोग असा की त्यांतली पहिलीही पाण्याची आहे. लीलावती ही आचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिकापात्र सोडले. पात्राच्या तळाला बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत येते आणि चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, पात्र बुडते. मुलगी वाकून पाहत होती, तिच्या दागिन्यातला मोती सुटून पात्रात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळून गेला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा कुठून आली? १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रास्ताविकातून. मूळ ग्रंथ ११५० सालचा, म्हणजे मधे चारशे सदतीस वर्षे गेली. मूळ ग्रंथात 'लीलावती' हे संबोधन आहे; 'सखे', 'मित्र', 'गणक' अशीही संबोधने आहेत; पण ती कवीची मुलगी असल्याचा उल्लेख नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या पिढ्या त्रिविक्रमापासून नातू चांगदेवापर्यंत दिल्या आहेत आणि तिथेही लीलावती नाही. अशा वंशावळीत मुलींची नावे नसतात, तेव्हा एवढ्यावरून ती नव्हतीच असे म्हणता येणार नाही. इतकेच दिसते की एका कोरड्या अंकगणिताला वाचकांनी चारशे वर्षांनी एक जन्मकथा दिली. पुन्हा पाहा, घंगाळ तेच, तरंगणे-बुडणे तेच, आणि गणित त्या कथेतही नाही.

दुसरी दंतकथा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, या प्रमेयासाठी भास्कराचार्यांनी म्हणे एक आकृती काढली आणि तिच्याखाली एकच शब्द लिहिला: 'पाहा!' गणिताच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांतून ही गोष्ट जगभर गेली आणि तिथून आपल्या गणितप्रेमींच्या तोंडी आली. तिच्यात एक सुप्त शिफारस आहे, की पूर्वेच्या ऋषींना तर्क मांडायची गरज नसे, त्यांना साक्षात्कार होत असे. ऐकायला ती गौरवाची वाटते. माझ्या मते आपल्या गणिताचा याहून मोठा अपमान नाही.

कारण आचार्यांचे 'बीजगणित' उघडले की तिथे काय आहे? आचार्य उदाहरण घेतात: भुज पंधरा, कोटी वीस, तर कर्ण किती, आणि प्रचलित रीतीची उपपत्तीही, म्हणजे सिद्धताही, सांग. मग ते ती दोन प्रकारे देतात. पहिल्या प्रकारात कर्णालाच पाया मानून त्यावर लंब टाकतात. मोठ्या त्रिकोणासारखेच दोन लहान त्रिकोण होतात, त्रैराशिकाने कर्णाचे दोन तुकडे काढतात आणि त्यांची बेरीज अज्ञात कर्णाशी मांडून समीकरण सोडवतात. तुकडे येतात नऊ आणि सोळा, कर्ण पंचवीस. दुसऱ्या प्रकारात तसेच चार त्रिकोण कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे भोवताली लावतात. मधे एक चौकोन उरतो, त्याची बाजू वीस वजा पंधरा, म्हणजे पाच. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ दीडशे, चारांचे सहाशे, मधल्या चौकोनाचे पंचवीस, मिळून सहाशे पंचवीस. त्याचे मूळ पंचवीस. कागदाचे चार त्रिकोण कापून टेबलावर ठेवले तर सातवीतले पोरही हे जुळवते. म्हणजे आकृतीबरोबर हिशेब आहे, पूर्ण आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी आचार्य म्हणतात की उपपत्ती दोन परींची असते, क्षेत्राची आणि राशीची, आणि ज्यांना क्षेत्राची कळत नाही त्यांना राशीची दाखवावी. यात मला अख्खा शिक्षक दिसतो. एका वाटेने न समजलेल्यासाठी दुसरी वाट तयार ठेवणारा माणूस 'पाहा' म्हणून निघून जाणारा नसतो. गोलाध्यायात तर त्यांनी स्पष्टच लिहिले आहे की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान नाही आणि त्याचा स्वतःचाही संशय फिटत नाही. शेवटचा भाग विशेष आहे. उपपत्ती इतरांसाठी तर असतेच, पण आपल्याला खरेच सापडले का, हे सापडणाऱ्यालाही तिच्याशिवाय कळत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. क्षणात उजेड पडणे ही कल्पित गोष्ट नव्हे. शोधकांनी स्वतः ती लिहून ठेवली आहे. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने सांगितले आहे की सहलीला निघताना घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला त्या क्षणी त्याला कित्येक दिवसांच्या प्रश्नाचे उत्तर दिसले. त्याची साक्ष मी नाकारत नाही. पण ती पूर्ण वाचावी. त्याआधी त्याने आठवडेच्या आठवडे डोके फोडले होते, आणि सहलीहून परतल्यावर निवांतपणी पडताळा घेतला. दोन्ही टोकांना जाणीवपूर्वक श्रम हवेतच, हे त्याचेच म्हणणे आहे. तो पायरीवर ओरडला नाही. शेजाऱ्याशी चाललेले बोलणे त्याने तसेच चालू ठेवले. शिवाय अशा उजेडाचे दुसरे अंगही ध्यानात ठेवले पाहिजे. चुकीची कल्पनाही अगदी तशाच लख्खपणे सुचते. सुचण्याच्या क्षणी बरोबर आणि चूक यांची चव एकच असते. फरक कळतो तो नंतर, कागदावर किंवा वावरात.

वावराचे मी मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, हे घडले आहे. दादाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले, तोकड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या उभ्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे पिवळसर. त्या काढून त्यांनी जपून ठेवल्या. कथाकाराला इथे केवढी संधी होती! पण दादाजी ओरडत धावल्याचे कुणी सांगत नाही. पुढच्या हंगामात त्यांनी तो दाणा शेताच्या मधोमध वेगळा लावला, रानडुकरांनी खाऊ नये म्हणून काट्यांचे कुंपण केले, कापला, पुन्हा निवडला, पुन्हा लावला. धानाला वर्षातून एकदाच उत्तर देता येते, म्हणून त्यांच्या प्रत्येक शंकेची किंमत एक वर्ष होती. असे करत वाण स्थिर झाला: दाणा बारीक, उतारा चांगला, भात चवदार. मग शेजाऱ्यांनी लावून पाहिला, बाजारात गेला, आणि तेव्हाच्या लाडक्या मनगटी घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. या प्रकरणातला उद्गार म्हणायचा तर हा, आणि तो बाजाराने काढला, सात-आठ वर्षांनी. १९९८ साली कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेला 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केला. दादाजींना राष्ट्रीय सन्मान मिळाला तो २००५ साली, आणि २०१८ साली ते गेले. या वाणाचे श्रेय कुणाचे यावर बराच वाद झाला. मला त्यात एवढेच दिसते की, तीन लोंब्या वेगळ्या आहेत हे ओळखणारी नजर आणि ते वेगळेपण पाचव्या-सहाव्या पिढीतही टिकते हे दाखवणारी चिकाटी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. पडताळ्याची ही सवय एकट्या दादाजींची नाही. आपल्या भागातले लोक पेरणीआधी धानाचे बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकतात, भरलेले तळाशी बसतात. आर्किमिडीजची तरंगण्या-बुडण्याची विधाने दर जूनमध्ये सिंदेवाही-मूल-ब्रह्मपुरीच्या अंगणांत अशी सिद्ध होत असतात. मूठभर बी बादलीत सोडताना कुणी आरोळी देत नाही. वरचे हाताने निथळून काढतात, खालचे साध्या पाण्याने दोनदा धुतात, सावलीत पसरतात.

पण मग कुणी विचारील, जो आधी पाहतो तो शोधक, की जो दाखवतो तो? वरोऱ्यात उभे राहून या प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण इथून हाकेच्या अंतरावरचे आनंदवन ज्या कुष्ठरोगाच्या माणसांसाठी उभे राहिले, त्याच्या जंतूच्या इतिहासात नेमका हाच तंटा आहे. नॉर्वेच्या बर्गन शहरात आर्माउर हॅन्सनने १८७३ साली रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत काडीसारखे कण पाहिले. आपल्याला दिसले ते त्याने पुढच्या वर्षी छापले, तेही जपून, शंका राखून. कण ठसठशीत रंगवून दाखवणे त्याला साधले नव्हते. १८७९ मध्ये नाइसर हा तरुण जर्मन डॉक्टर आला, हॅन्सनने दिलेले नमुने घेऊन गेला, ते रंगवण्यात यशस्वी झाला आणि शोध आपला म्हणून जाहीर करून बसला. दाखवणे हीच कसोटी मानली तर माझ्याच तर्काने श्रेय नाइसरला द्यावे लागेल. मी ते देत नाही. हॅन्सनने जे दिसले ते, जितके दिसले तितकेच, कुणालाही तपासता येईल असे लिहून ठेवले होते. अपुरे पण उघड दाखवणे हेही दाखवणेच असते, आणि जगाने अखेर त्याचेच नाव त्या आजाराला दिले. त्या शोधाचाही शेवट तिथे झाला नाही. हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. तो वाढवता यावा म्हणून आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतला होता आणि तो प्रयोग फसला. १९७१ साली आर्माडिलो या खवलेदार प्राण्यात तो वाढवता आला, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषध उपचारांची शिफारस केली. १८७३ पासून मोजली तर एकशे आठ वर्षे. एवढ्या काळात 'सापडले' हा शब्द नेमक्या कुठल्या दिवशी उच्चारायचा?

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. मुलांना गोष्ट लागते. टाकी, मुकुट आणि धावणारा माणूस यांच्यामुळे तत्त्व लक्षात राहते. ती काढून घेतली तर वर्गात उरते काय? मी गोष्ट काढून घ्यायला सांगत नाही, ती पुढे न्यायला सांगतो. धावणारा माणूस घरी पोचला, पुढे त्याने काय केले? तराजू टांगा, खाली बादली ठेवा, एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे लोखंड बांधा आणि दोन्ही पाण्यात सोडा. कोणते पारडे वर जाते ते मुलांना आधी विचारा. निम्मी चुकतील, वाद होईल, आणि तो वाद पाण्यात मिटेल. आरोळीवर थांबलेली गोष्ट ऐकून मुलाला वाटते की शोध हा ज्यांना सुचतो त्यांचा प्रांत, आपल्याला सुचले नाही म्हणजे आपण त्यातले नव्हे. ज्या जिल्ह्यात तीन लोंब्यांवरून वाण उभा राहिला तिथल्या मुलाला असे वाटू देणे हा अन्याय आहे, आणि तो आपण गोडगोड गोष्टी सांगून करत आलो आहोत.

दाखवून देण्याला जागा लागते, माणसे लागतात आणि खर्चही लागतो. भास्कराचार्यांच्या नातवाला, चांगदेवाला, हे कळले होते. पाटणचा तो शिलालेख, जो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्या मठाचा आहे, जिथे आचार्यांचे 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. वरचा भाग संस्कृतात आहे: वंश, पांडित्य, स्तुती. खाली गावाच्या बाजाराचा व्यवहार आला की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो वाटा मठाला दिला आहे, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल.